कथाचित्र काढताना नेमकं काय काढायचं?

रेघोट्या (धागाकर्ती)

गणपती उठले की आमच्या, म्हणजे दिवाळी अंकांतल्या कथांना चित्रं काढणाऱ्यांच्या, धंद्यात हातघाई सुरू होते. संपादकांनी लेखकांकडे कथा मे-जूनमध्येच मागितलेली असते, लेखक ती ऑगस्ट सरता सरता देतात आणि मग चित्रकाराला फोन येतो, "ताई, सहा कथा मेल केल्यात, सोमवारपर्यंत होतील ना?" शिकाऊ मुलंमुली भेटली की हमखास विचारतात, तुम्हाला एवढं सुचतं कसं? सुचायची वाट बघायला वेळ कुणाकडे असतो! पण तरीही काहीतरी होतंच ना, त्याशिवाय कोऱ्या कागदावर चित्र येईल कुठून. त्यावर इथे लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्या मंडळींशी गप्पा माराव्यात म्हणून हा धागा.

माझी रीत आधी सांगते. पहिल्यांदा कथा वाचताना हातात पेन्सिल घेत नाही. दुसऱ्या वाचनात घेते आणि समासात फक्त वस्तूंवर खुणा करते. घटना नाहीत, माणसांचे स्वभाव नाहीत, नुसत्या वस्तू.

आता एक ताजं उदाहरण. अंक यायचाय, म्हणून कथेचं नाव सांगत नाही. एक बाई सासरचं गावाकडचं घर विकायच्या आदल्या दिवशी तिथे एकटी मुक्कामाला जाते. डोळ्यांसमोर चटकन काय येतं? उंबऱ्यात पाठमोरी बाई, मागे रिकामं माजघर, जमिनीवर लांबच लांब सावली. हे चित्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात असतंच. कथेत एका ओळीत, जाता जाता, एक गोष्ट येऊन गेली होती : स्वयंपाकघराच्या चौकटीवर सासूने कोळशाने ठेवलेला दुधाचा हिशोब. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मी ती चौकटच पानभर काढली, अगदी जवळून. लाकडाच्या शिरा, बिजागरीशी उडालेला रंग, रेघांचे गठ्ठे. शेवटच्या गठ्ठ्यात तीनच रेघा.

संपादक म्हणाले, "छान आहे, पण बाई कुठाय?" म्हटलं, कथेत आहे की. त्यांना पटलंही, तरी पान ओकंबोकं वाटतंय म्हणाले. बोटं दाखवा, पदर दाखवा, असं बरंच झालं. शेवटी कोयंड्याला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यावर तह झाला. जुडगं नसतं तरी चाललं असतं असं मला अजूनही वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की चित्राने कथेचा कळस फोडू नये. वाचक पान उलटतो तेव्हा चित्र आधी दिसतं, मजकूर नंतर. मग गळफासाचा दोर काढून ठेवायचा आणि बिचाऱ्या लेखकाने आठ पानं उत्कंठा वाढवत न्यायची, याला काय अर्थ आहे? चित्र असं हवं की कथा वाचून झाल्यावर माणूस पानं मागे उलटून ते पुन्हा बघेल.

वसंत सरवट्यांची चित्रं मी याचसाठी पुन्हा पुन्हा काढून बघते. 'व्यक्ती आणि वल्ली'तली बघा. पुलंनी वर्णन इतकं नेमकं केलंय की चित्रकाराला काही उरलेलंच नाही असं वाटावं. सरवटे त्या वर्णनाशी स्पर्धाच करत नाहीत. माणूस उभा कसा राहतो, खांदे कुठे पडतात, धोतराचा सोगा कसा धरतो, एवढंच पकडतात, आणि तेही थोड्या तिरक्या नजरेने, म्हणजे लेखकाशी शंभर टक्के सहमत नसल्यासारखं. त्यांना 'रेषालेखक' म्हणायचे ते उगीच नाही.

तुमचं कसं होतं ते लिहा. लिहिणाऱ्यांनीही लिहा. तुमच्या कथेला आलेलं चित्र बघून कपाळाला हात लावला असेल तर तेही येऊ द्या.

बोरूबहाद्दर

कपाळाला हात लावलाय. माझ्या एका कथेतला म्हातारा शेवटच्या परिच्छेदात मरतो. चित्रात पहिल्याच पानावर तिरडी. अंक हातात आल्यावर बायको म्हणाली, "वाचायची गरजच नाही, कळलं."

सुचण्याबद्दल. माझ्याकडे विषय कधीच येत नाहीत, वाक्यं येतात, आणि तीही दुसऱ्यांची. एसटी स्टँड, दवाखान्याची बाकं, तलाठ्याच्या कचेरीचा व्हरांडा ही माझी मुख्य ठिकाणं. मागच्या उन्हाळ्यात एका बसमध्ये मागच्या सीटवरची आजी फोनवर म्हणाली, "मी येते, पण मला पाहुण्यासारखं वागवू नका." पुढचं-मागचं काही ठाऊक नाही. ते वाक्य वहीत उतरवलंय. त्याची कथा होईल तेव्हा होईल. आजीचं गाव, जात, तिची सून यातलं काहीही मी मुद्दाम शोधत नाही. कळलं तर वाक्य मेलं.

मुरवण्याचा विषय निघालाच तर कवी अरुण कोलटकर. जेजुरीला ते गेले साठच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि 'जेजुरी'चं पुस्तक आलं १९७६ साली. मधली दहा-बारा वर्षं नुसती गेली म्हणायची का? आणि हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, जाहिरात क्षेत्रात नावाजलेला डिझायनर. दिवसभर कमीत कमी जागेत जास्तीत जास्त नेमकं बसवायचं काम. कवितेतही तोच हात दिसतो. पायऱ्या, दगड, उखडलेलं दार, कुत्री. भक्तिभावाचं वर्णन जवळपास नाहीच, वस्तूच बोलतात. तुमची समासातली खूण वाचून तेच आठवलं.

उंटावरून

पुन्हा तेच. कोलटकर, सरवटे, पुलं. मराठी माणसाला प्रेरणेवर बोलायला लावलं की तो थोरांच्या नावांची जपमाळ ओढतो. जरा उलटं बघू या. ज्यांच्याकडे वेळ आणि पोटापाण्याची सोय होती त्यांना सुचलं, बाकीच्यांना सुचलं नाही. संपला विषय.

रेघोट्या

@उंटावरून, सरवटे सिव्हिल इंजिनियर होते, एसीसी सिमेंट कंपनीत नोकरी करायचे. चित्रं नोकरी सांभाळून. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून २००५ पर्यंत प्रॅक्टिस करत होते. दिवसभर एक्स-रे बघून उरलेल्या वेळात त्यांनी इराणी हॉटेलात बसलेली माणसं, रेल्वेने येणारे-जाणारे, लोअर परळच्या गिरण्यांमागून वर येणारे टॉवर रंगवले. सोय होती हे खरं, पण वेळ? वेळ त्यांनी चोरलेला आहे.

आणि मला तर वाटतं त्या पेशांचा फायदाच झाला. पटवर्धनांच्या चित्रातलं शरीर बघा. दमलेलं, मांसल, गुरुत्वाकर्षणाने खाली ओढलेलं. माणसाला आतून बघायची सवय असलेल्यालाच ते दिसणार.

उंटावरून

एक्स-रेचा मुद्दा ओढूनताणून आहे. वेळ चोरण्याचा मान्य.

जुना खिळा

सगळेजण मनाबद्दल बोलताय, जरा यंत्राबद्दल बोलू द्या. मी छापखान्यात वाढलो. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापायचे त्या काळात चित्र छापायचं म्हणजे त्याचा जस्ताचा ठसा, ब्लॉक, करून घ्यावा लागे. ब्लॉक दोन जातीचे, लाईन आणि हाफटोन. लाईन ब्लॉक नुसत्या काळ्या रेघांचा, स्वस्त आणि साध्या न्यूजप्रिंटवरसुद्धा स्वच्छ उठायचा. हाफटोन म्हणजे फोटोसारखे ठिपके. त्याला आर्ट पेपर लागायचा, नाहीतर सगळं शाईत बुडून काळं. मासिकाचे मालक काय सांगणार? लाईनमध्ये करा.

तेव्हा त्या पिढीची ती बोलकी, वळणदार, जाड-बारीक होत जाणारी रेघ केवळ स्फूर्तीतून आलेली नाही. करडा रंग मिळणारच नव्हता. मग सावली दाखवायची तर आडव्या-उभ्या रेघांची जाळी करा, नाहीतर सरळ काळा सपाट भाग सोडा. कॉलमची रुंदी ठरलेली, म्हणून उभी चित्रं जास्त. कथेचं शीर्षकही चित्रकारच हाताने लिहायचा, कारण छापखान्यात मोठ्या आकाराचे टाईप असायचेच असं नाही. ऑफसेट छपाई आली आणि वॉशमधली, पाण्यासारखी पसरलेली चित्रं कथांना यायला लागली. त्यात अनेकांची रेघ सैल पडली असं माझं प्रामाणिक मत आहे. वाद घालायचा तर घाला.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही मुखपृष्ठांची दुनिया वेगळी. तिथे रंग होते. १९४५ पासून दलालांचा स्वतःचाच 'दीपावली' अंक होता, त्यामुळे चित्रकारच मालक. मुळगावकरांनी एअरब्रशने जी गुळगुळीत, लोण्यासारखी त्वचा काढली तिची तेव्हा लोकांना भूल पडली होती. तेच मुळगावकर बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही करायचे. एकाच हातातून देवांची चित्रं आणि रहस्यकथांचा नायक झुंजार. तेव्हा कुणी त्यांना 'तुमची खरी प्रेरणा कोणती' असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

मिरजमामा

जुना खिळा, प्रतिसाद वहीत चिकटवून ठेवावा असा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

व्यंगचित्रकार शि. द. फडणिसांचं 'मोहिनी' मासिकाचं मुखपृष्ठ आठवतं का? बसस्टॉपवर तरुण उभा, शर्टावर मांजरं. शेजारी तरुणी, साडीवर उंदीर. खाली एक शब्द नाही. आमच्या घरी ते बघून वडील हसायचे, आम्ही पोरंही हसायचो, आणि दोघांच्या हसण्याची कारणं वेगळी होती हे पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं.

चिकूवाडी

डहाणू तालुक्यातून लिहितोय. इथल्या वारली घरांत 'सुचलं म्हणून काढलं' असं चित्रांचं मूळ नव्हतंच. लग्न आलं की भिंतीवर चौक लिहायचा. सवाशिणी लिहिणार, धवलेरी (लग्न लावणाऱ्या बायका) गाणी म्हणणार. मध्ये पालघट देवी, बाजूच्या छोट्या चौकात पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून कुंचला करायचा, गेरू नाहीतर शेणाने सारवलेली भिंत. कुणाच्या मनात काय आलं याला तिथे जागा कमी. चौक लिहिला नाही तर लग्न लागत नाही, म्हणून लिहायचा.

मग सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी इकडे आले, लोकांच्या हातात कागद दिला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाशिवायही काढायला सुरुवात केली. रोज. बायकांची कला पुरुषाने हातात घेतली हेही तेव्हा नवंच. लहानपणी आई गेल्यावर ते बोलायचे थांबले होते आणि धुळीत चित्रं काढून सांगायचे, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. पण मला त्यांचं मासेमारीचं जाळं जास्त आश्चर्याचं वाटतं. बारीक बारीक रेघांचं ते जाळं अर्धा कागद व्यापतं आणि जवळ गेलं तर एकही रेघ दुसरीसारखी नाही. हे स्फूर्तीने होत नाही, आणि नुसत्या सवयीनेही होत नाही. मधलं काहीतरी आहे.

आता आमच्याकडे चहाच्या कपापासून पडद्यापर्यंत सगळीकडे तोच गोल नाच छापलेला मिळतो. तारपा वाजवणारा मध्ये, भोवती वेटोळं. मागणी तीच, म्हणून पोरंही तेच काढतात. ऑर्डर देणाऱ्याला दुसरं नकोच असतं.

बे एरियातला बाब्या

माझा अनुभव लेखक-चित्रकाराचा नाही, ब्लॉगरचा आहे, तरी लिहितो. इथे आल्यावर पहिली काही वर्षं गावाच्या आठवणींवर भरपूर लिहिलं. आंबे, पाऊस, आजोळ. लाइक्स मिळायचे. मग लक्षात आलं की मी आता आठवणीसुद्धा इतर अनिवासी ब्लॉग वाचून लिहितोय. आमच्या आजोळी विहीर नव्हतीच, नळ होता! आता फक्त इथल्या गोष्टी लिहितो, सबडिव्हिजनमधली भांडणं आणि लाँड्रोमॅट. लाइक्स घटले. लिहायला मजा मात्र जास्त येते.

अवांतर : कथा पेस्ट केली की आता यंत्र दोन मिनिटांत चित्र काढून देतं. संपादक तुम्हाला कशाला फोन करतील?

रेघोट्या

करतात अजून. काही जण करेनासेही झालेत, खोटं कशाला बोलू. गंमत म्हणून तीच दुधाच्या हिशोबाची कथा भाच्याने यंत्राला दिली. काय आलं असेल सांगा? उंबऱ्यात पाठमोरी बाई, लांब सावली. म्हणजे जे चित्र टाळण्यासाठी मी दुसऱ्यांदा कथा वाचते, ते आता फुकट मिळतं. एका अर्थी बरंच झालं. निदान काय काढायचं नाही ते आधीच समोर येतं.

@चिकूवाडी, 'मधलं काहीतरी' म्हणालात त्यावर विचार करतेय. जाळ्याची रेघ ओढताना हात पुढे असतो आणि डोकं मागे, असं काहीसं असावं. चौकटीचं लाकूड काढताना मला ते थोडं थोडं मिळालं. शिरा काढता काढता एक गाठ आपोआप अशा जागी आली की तिच्यामुळे शेवटच्या तीन रेघांकडे नजर जायला लागली. ती ठरवलेली नव्हती. पण तिच्या आधी तासभर निमूट शिरा काढल्या नसत्या तर ती आलीही नसती.

कोरीपाटी

बर्व्यांचं नाव अजून कसं आलं नाही? प्रभाकर बरवे, 'कोरा कॅनव्हास', १९९०. मराठीत एखाद्या चित्रकाराने स्वतःच्या विचारप्रक्रियेवर इतकं सुटं आणि नितळ लिहिलेलं दुसरं पुस्तक मला ठाऊक नाही. ते सतत डायऱ्या लिहायचे. शब्द आणि रेखाटनं शेजारी शेजारी. पान, शिंपला, घड्याळ, रिकामी खोकी अशा वस्तू घ्यायच्या आणि त्यांचा उपयोग काढून टाकायचा. उपयोग गेला की वस्तूचा आकार उरतो, मग आकार आकाराला ओळख दाखवायला लागतो. रंगही साधा, दारंखिडक्यांना लावतात तो इनॅमल. मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, २०१९ साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे मी डायऱ्यांच्या कपाटांसमोर चित्रांपेक्षा जास्त वेळ उभी होते. खोडलेली पानं, बाण, पुन्हा तेच पान दुसऱ्या कोनातून. एवढं सगळं करून शेवटी कॅनव्हासवर येतं तेव्हा इतकं शांत की वाटावं, एका बैठकीत झालं.

बरवे आणि वर चर्चेतले भास्कर कुलकर्णी दोघेही विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. साड्यांच्या नक्षीचं सरकारी केंद्र! @उंटावरून, हे तुमच्यासाठी.

उंटावरून

सरकारी नोकरी म्हणजे सोयच की. :) पण 'कोरा कॅनव्हास' मागवतोय.

चित्रकार गायतोंड्यांचं काय म्हणाल मग? ते तर वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे. बाकी वेळ? बसून. दिल्लीत निजामुद्दीनच्या खोलीत. याला काम म्हणायचं की नाही?

कोरीपाटी

म्हणायचं. रोलर आणि पॅलेट नाईफ घेऊन रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. तो थर कधी थांबवायचा हे ठरवायला बाकीचं वर्ष लागत असेल. फक्त त्यांना सोमवारपर्यंतचा फोन येत नव्हता.

बोरूबहाद्दर

थांबण्याच्या मुद्द्यावर एक. सुचण्यावर पन्नास प्रतिसाद येतील, घडवण्यावर फारसं कुणी बोलत नाही. मराठी कथेला आकार देण्यात संपादकांचा वाटा मोठा होता. 'सत्यकथा' मासिकात राम पटवर्धन आणि श्री. पु. भागवत कथेवर लांबलचक पत्रं लिहायचे. 'साभार परत' येणंसुद्धा फुकट जायचं नाही, कारण सोबत काय खटकलं ते असायचं. लोकांना ते जाचकही वाटलं, 'सत्यकथा'च्या प्रतींची होळीही झाली १९६९ला, आणि त्या रागात तथ्य होतं. एकाच चाळणीतून सगळं गेलं की सगळ्याला एकच पोत येतो. पण आज मी कथा पाठवतो आणि उत्तर काय येतं? "मिळाली. छान. फोटो आणि अकाउंट नंबर पाठवा." शेवटचं पान जास्त झालंय हे मला माहीत असतं, कुणीतरी म्हणावं म्हणून तसंच ठेवतो, आणि ते तसंच छापून येतं.

गेल्या वर्षी ते म्हणालं कोण, तर चित्रकार. फोन करून म्हणाला, "तुमच्या शेवटच्या पानावर मला काढायला काहीच सापडत नाहीये." पान उडवलं.

रेघोट्या

हे मस्त! मीही असा फोन करते कधीकधी, पण लेखकाचा आवाज कसा आहे त्यावर. :) काही जणांना चित्रकाराने कथेवर बोललेलं अजिबात खपत नाही. एकांनी तर मला 'तुम्ही फक्त बाईच्या साडीचा रंग विचारा' असं ऐकवलं होतं. चित्र कृष्णधवल होतं.

मिरजमामा

उलटं कुणी केलंय का? म्हणजे चित्र आधी आणि कथा नंतर?

चिकूवाडी

मिरजमामा, चौकाभोवतीची गाणी काही प्रमाणात तशीच. चित्र समोर, गाणं त्याच्याभोवती.

बोरूबहाद्दर

मी तयार आहे. रेघोट्याताई, एखादं चित्र टाका, ज्याची कथा अजून कुणाकडेच नाही असं. ज्यांना जमेल ते लिहितील. तिरडी नको.

रेघोट्या

चालेल. सहा कथांपैकी दोन अजून बाकी आहेत, त्या सोमवारी गेल्या की मंगळवारी रात्री वेगळा धागा काढून टाकते. अटी दोनच. चित्रात काय आहे त्याचं वर्णन कथेत करायचं नाही, आणि मला काय अभिप्रेत होतं ते विचारायचं नाही. @उंटावरून, तुम्हीही लिहायचं आहे, नुसतं वरून बघायचं नाही.

उंटावरून

वेळ चोरावा लागेल. बघतो.